मे महिन्यातलं गाजर

सकाळचे साडेसहा. पुणं, मे महिना. ऊन अजून कुंपणापलीकडेच आहे, तोवर आजी परसातल्या वाफ्यापाशी येऊन बसल्यात. ओल्या गोणपाटाचं टोक उचलून त्या खाली डोकावतात. बी टाकून बारा दिवस झाले. मातीतून गवतासारखी बारीक हिरवी टोकं वर आलीयत. गोणपाट आजच काढायचं. उशीर झाला तर कोंब पिवळे पडून लोळतात.

गाजराचं बी जेमतेम सेंटिमीटरभर खोल असतं, म्हणजे उन्हात सगळ्यात आधी सुकणाऱ्या थरात. मेथी चार-पाच दिवसांत वर येते, गाजर दोन आठवडेही घेतं. तेवढ्यात एक दुपार वाफा कोरडा राहिला, की मोड जागीच मरतो. आणि आपण बीवाल्याच्या नावानं खडे फोडतो!

पीक मुळात थंडीचं. १५ ते २० अंशांत मूळ छान भरतं. तिशीच्या वर ते आखूड, फिकट, चिवट होतं. म्हणून उन्हाळ्यात जपानी ‘कुरोडा’सारखं ऊन सोसणारं वाण बरं.

शेजारचा वाफा मार्चमधला. पाला हिरवागार, पण त्याच्यावर भुलायचं नाही. नत्र जास्त झालं की वर पाला माजतो आणि खाली नुसती शेपटी निघते. आजींचं लक्ष असतं मानेवर. हे बघा, एक नारिंगी खांदा उघडा पडून हिरवट झालाय. ऊन लागलेला हा भाग कडवट लागतो. आजी बोटांनी माती ओढून तो झाकतात, वर उसाचं पाचट पसरतात.

“मी तरी डोक्यावर पदर घेतल्याशिवाय उन्हात जाते का?”

दाटीतली रोपं त्या उपटतात, दोन रोपांत तीन-चार बोटं जागा ठेवतात. उपटलेला पाला चुरडला की वास येतो. कोथिंबिरीच्याच कुळातला ना हा! तो आज डाळीत पडणार.

पाणी रोज, झारीनं, बेताचं. चार दिवस ताण देऊन एकदम धो धो सोडलं, तर गाजर उभं तडकतं. वळीवही हेच करतो. काल संध्याकाळी सगळी गल्ली गच्चीवर भिजत होती. आजी खिडकीत बसून वाफ्याकडे बघत होत्या.

आता त्या एक गाजर उपटतात. मधोमध चीर.

“वाजली नाही पुंगी,” आजी हसतात. गाजर नळाखाली धुतात, मोडतात आणि अर्धं आमच्या कॅमेरावाल्याच्या हातावर ठेवतात.