उथळ पाण्याला खळखळाट फार : झायनच्या नदीतून चालताना

पडद्यावर जो फोटो आहे त्यात वाट शोधत बसू नका, सापडायची नाही. डावीकडे हजारएक फुटांचा उभा कातळ, उजवीकडे तसाच, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाणी. पाणी हीच वाट. अमेरिकेत युटा राज्यात झायन नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे व्हर्जिन नदीच्या उत्तर शाखेनं ही घळ कोरली आहे. काही ठिकाणी ती जेमतेम वीस-तीस फूट रुंद आहे. १८७२ साली ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा भूवैज्ञानिक तिच्यातून उतरला, त्यानं तिला ‘नॅरोज’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. उद्यानाचं नाव मात्र बदललं. १९०९ मध्ये ते मुकुंटुवीप होतं, तिथल्या मूळच्या पायूट लोकांच्या भाषेतलं. १९१८ मध्ये झायन झालं आणि १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान. मला विचाराल तर जुनं नाव जास्त गोड होतं, पण विचारतंय कोण!

नॅरोजमध्ये जायच्या दोन तऱ्हा. एक, वरून खाली : चेंबरलेन्स रँचपासून सोळा मैल, एका दमात किंवा मधे एक मुक्काम करून. त्याला परवाना लागतो. दुसरी, खालून वर : उद्यानाची बस शेवटच्या थांब्यावर, सिनावावाच्या देवळाशी सोडते. देऊळ म्हणजे नुसतं नाव हं, आहेत ते प्रचंड कडे. तिथून मैलभर सपाट फरसबंद वाट नदीकाठानं जाते आणि एके ठिकाणी संपते. पुढे पायऱ्या उतरून पाण्यात पाय टाकायचा. या तऱ्हेला परवाना नको, पण बिग स्प्रिंग नावाच्या झऱ्याच्या पुढे जायचं नाही. मी आज बोलणार आहे ते या खालून वर जाण्याबद्दल, कारण ‘परवाना नको’ म्हटलं की माणसाला वाटतं, मग सोपंच असेल.

पहिली दहा मिनिटं तुम्हाला कातळ वगैरे काही दिसत नाही, सगळं लक्ष पावलांकडे. तळाशी नारळाएवढे, कलिंगडाएवढे गोटे, गोल आणि बुळबुळीत. पाय गोट्याच्या माथ्यावर ठेवलात की गेलात. दोन गोट्यांच्या मधल्या बेचक्यात पाय सरकवायचा, तो रुतला असं वाटलं की मगच दुसरा उचलायचा. हातात छातीएवढ्या उंचीची जाड लाकडी काठी हवी. नदी ओलांडताना तोंड प्रवाहाकडे करायचं, काठी समोर रोवायची, तिच्यावर भार द्यायचा आणि खेकड्यासारखं आडवं सरकायचं. पाणी तुम्हाला मागे ढकलतं, काठी धरून ठेवते. काठी आणि दोन पाय या तिघांपैकी दोन कायम जमिनीवर. ट्रेकिंगच्या दोन सडपातळ काठ्या मी पहिल्या खेपेला मोठ्या रुबाबात नेल्या होत्या. त्यांतली एक दोन दगडांत अडकली, मी पुढे आणि काठी मागे. बसलो गळ्यापर्यंत पाण्यात. पाठपिशवीतला डबा कोरडा राहिला, कारण तो जलरोधक पिशवीत होता. बदलायचे कपडे ‘एवढं काय होतंय’ म्हणून तसेच वर कोंबले होते, ते भिजले.

आणि हे पाणी गार असतं. भर उन्हाळ्यातही घळीच्या तळाला ऊन दिवसातून थोडाच वेळ पोचतं. म्हणून निओप्रीनचे, म्हणजे जाड रबरासारख्या कापडाचे मोजे घालतात. ते पाणी अडवत नाहीत. पायाशी पाण्याचा पातळ थर धरून ठेवतात आणि तो अंगाच्या उबेनं कोमट होतो. वर घोट्याला आधार देणारे, पाणी निथळणारे बूट. सुती पँट आणि जीन्स खोलीवरच ठेवा.

ओलांडायचं कुठे, हा दुसरा प्रश्न. नदी वळणं घेते, तुम्हाला सारखं या काठावरून त्या काठावर जावं लागतं. नवखा माणूस अरुंद, शांत जागा बघतो आणि तिथेच उतरतो. तिथेच डोह असतो. आपण लहानपणापासून म्हणत आलोय, उथळ पाण्याला खळखळाट फार. ही म्हण माणसांना टोमणा मारायला वापरतो, पण नदीत ती शब्दशः खरी आहे. पाणी जिथे पसरून खळखळतंय तिथे ते गुडघ्याइतकं, जिथे गप्प आणि हिरवं आहे तिथे कमरेच्या वर. तिथे पाऊल टाकण्याआधी काठीनं चाचपायचं. आमच्यातली एक काकू, वय पासष्ट, हे तासाभरात शिकली आणि मग सगळ्यांना पुढे उभं राहून ‘इकडून या रे’ म्हणून सांगायला लागली.

पाय स्थिरावले की मग भिंती दिसतात. हा नावाहो वालुकाश्म. ज्युरासिक काळात इथे वाळवंट होतं, वाऱ्यानं रचलेल्या वाळूच्या टेकड्यांचा पुढे दगड झाला. म्हणून कातळात तिरके थर दिसतात, वारा कुठून वाहत होता ते त्यांच्यावरून कळतं. पुढे जमीन उचलली गेली आणि नदीला उतार मिळाला, मैलाला पन्नास ते ऐंशी फूट. एवढ्या उतारावरून वाळू-गोटे घेऊन धावणारी नदी खाली खाली कापत जाते. खालच्या बाजूला, बस जिथून येते तिथे, दरी ऐसपैस का आहे? तिथे नदी वालुकाश्म कापून त्याच्याखालच्या कायेंटा नावाच्या मऊ थरात पोचली आहे. पायाच पोखरला गेला की वरचा कडा ढासळतो, दरी रुंदावते. नॅरोजमध्ये नदी अजून वालुकाश्मातच आहे, म्हणून ती चिंचोळी. मला हे कळलं तेव्हा नकाशा एकदम जिवंत झाला.

भिंतीतून मधेच पाणी पाझरतं. तिथे नेच्यांची झुंबरं लटकतात आणि त्या ओलीत काही मिलिमीटरची एक गोगलगाय राहते, जगात फक्त झायनमध्ये. म्हणून भिंतीला हात लावत चालू नका. नदीचं पाणी पिऊही नका. २०२० पासून या नदीत विषारी सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे वाढणारे जिवाणू, आढळले आहेत आणि आपल्या ट्रेकमधल्या फिल्टरवर त्यांच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. पाणी पाठीवरून न्यायचं. आणि हो, घळीत शौचालय नाही. विष्ठा बंद होणाऱ्या पिशवीत घालून परत आणायची. हसताय, पण अशा चिंचोळ्या जागेत पुरणार कुठे? सगळी नदीच आहे.

आता पुराबद्दल. उद्यानवाले विसर्ग बघतात. तो १५० क्युसेकच्या वर गेला, म्हणजे सेकंदाला सव्वाचार हजार लिटर, की घळ बंद. अचानक पुराचा इशारा जाहीर झाला तरी बंद, आणि इशारा उठल्यावरही दोन तास बंदच. खरी मेख अशी की पाऊस तुमच्या डोक्यावर पडावाच लागत नाही. वरचा प्रदेश उघड्या खडकाचा, पाणी मुरत नाही. मैलोगणती लांब वळवासारखी एक सर कोसळते आणि तिचं सगळं पाणी या फटीतून जातं. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत दुपारच्या वादळांचा हंगाम असतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी याच उद्यानातल्या कीहोल नावाच्या दुसऱ्या घळीत अशाच लोंढ्यात सात जण गेले. 

खुणा असतात. निवळ पाणी अचानक गढुळतं. काटक्या, पालापाचोळा वाहत येतो. पाण्याची पातळी चढते. वरून घरघर ऐकू येते. यांतलं एकही दिसलं की उंच जागा गाठायची, लगेच. पण ऑर्डरव्हिलचा ओढा मिळतो त्याच्या आसपास ‘वॉल स्ट्रीट’ नावाचा टप्पा लागतो, तिथे दोन्हीकडे नुसत्या भिंती आहेत. चढायला जागाच नाही म्हटलं तरी चालेल.

आम्ही पहिल्या खेपेला ऑर्डरव्हिलच्या तोंडाशी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. वर आकाशाची निळी पट्टी, ढगाचा ठिपका नाही. ओढ्याचं पाणी मला सकाळच्या नदीपेक्षा दुधाळ वाटलं. वाटलं, एवढंच. एक मित्र म्हणाला, कोणी तरी वर चालत असेल, चिखल ढवळला असेल. तेही शक्य होतं. वॉल स्ट्रीट दोन वळणांवर होता आणि त्याच्याचसाठी आम्ही आलो होतो. पाच मिनिटं वाद झाला. मग काकूनं काठी उलट दिशेला रोवली आणि चालायला लागली, म्हणून बाकीचे निघाले.

पूर आला नाही. संध्याकाळपर्यंत पाणी होतं तेवढंच होतं. तो मित्र अजून मला ‘दुधाळ’ म्हणून हाक मारतो. मघाचा फोटो दुसऱ्या खेपेचा आहे.

यंदा वरून खाली यायचं ठरलंय, दोन दिवसांचं. अर्ज केला आहे. पण त्या परवान्याची गंमत अशी की विसर्ग १२० क्युसेकच्या वर असेल तर तो हातात देतच नाहीत. तेव्हा काकू रोज सकाळी चहाबरोबर तिथल्या नदीचा आकडा बघते आणि ग्रुपवर टाकते. आजचा अजून आलेला नाही.