तलाव खणला कुणी, पाणी गेलं कुणाला?

मंडळी, विकासावर बोलायचं म्हटलं की दरडोई उत्पन्नापासून सुरुवात करायची पद्धत आहे. मी आज पाझर तलावापासून करतो. गरिबी हटणं वेगळं आणि विषमता हटणं वेगळं, हे मला तलावाच्या भरावावर उभं राहिल्यावर कळलं.

बहात्तरचा दुष्काळ. ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेलं माणूस आहे, त्यांनी मिलो आणि सुकडी हे शब्द ऐकले असतील. सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर वाटलेला कोरडा पौष्टिक खाऊ आणि मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. मिलोची भाकरी धड थापता यायची नाही, पण तीच खाऊन लोक जगले. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. खडी फोडायची, माती वाहायची, नाले बांधायचे, तलाव खणायचे. बाभळीला झोळी बांधून त्यात लेकरू झोपवायचं आणि डोक्यावर पाटी घ्यायची.

१९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये उपासमारीने लाखो माणसं मेली, तेव्हा धान्य अजिबात नव्हतं असं नाही. भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर यांच्या हातात ते विकत घ्यायला पैसा नव्हता. अमर्त्य सेन यांनी हे सविस्तर मांडलं आहे. महाराष्ट्रात पीक बुडालं होतं, पण मजुरीचे पैसे हातात पडत होते आणि पैसा असला की धान्य गावापर्यंत येतं. हाल अतोनात झाले, तरी बंगालसारखा संहार झाला नाही.

यातूनच रोजगार हमी उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे. दुष्काळाच्या आधीच, तासगाव तालुक्यातल्या आपल्या भागात त्यांनी या कल्पनेचा प्रयोग करून पाहिला होता. पुढे १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ‘मागेल त्याला काम’ हा हक्क झाला. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर भत्ता द्यायचा, असं सरकारने लिहून दिलं. आणि पैसा कुठून? नोकरदारांच्या व्यवसाय करातून. आजही पगाराच्या पावतीवर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात, तो कर यासाठीच आला. मुंबईतल्या पगारदाराने बीडच्या बाईची मजुरी भरायची, हा विचार मला आजही फार मोठा वाटतो. २००५ साली केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याचं मूळ इथे आहे.

आता तलावाकडे येतो. पाझर तलावाला कालवा नसतो. साठलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उतरतं. म्हणजे ज्याची खाली जमीन आहे आणि जमिनीत विहीर आहे, पाणी त्याचं. ज्या बाईने त्या भिंतीवर चार महिने पाट्या टाकल्या, तिला मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, अंगठा उठवून मजुरी मिळाली. ती मजुरी मोलाची होती, तिने घर जगवलं, यात शंका नाही. पण काम संपलं आणि तिचा त्या तलावाशी संबंधही संपला. खालच्या शेतात ऊस उभा राहिला. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा काम मागायला आली, किंवा कोयता घेऊन दुसऱ्याचा ऊस तोडायला गेली. सरकारी पैशाने आणि गरिबाच्या घामाने तयार झालेली मत्ता अशी मुकाट्याने बागायतदाराच्या सातबाऱ्यावर जाऊन बसते. चोरी कुणी केलेली नसते. पाण्याच्या उताराची आणि कायद्याची दिशाच तशी आहे.

याला उत्तर शोधलं विलासराव साळुंखे यांनी. पुण्याचे अभियंते, स्वतःचा कारखाना चालवणारे. दुष्काळात पुरंदर तालुक्यात लोक खडी फोडताना पाहिले आणि नायगावला येऊन राहिले. देवस्थानची जमीन कराराने घेऊन त्यांनी आधी स्वतः माती-पाणी अडवून दाखवलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम ऐका. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या मापाने द्यायचं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता येणार नाही. आणि भूमिहीनालाही वाटा. ज्याला शेत नाही त्याला पाणी कशाला, असं कुणी विचारेल. अहो, पाणी हातात असलं तर तो दुसऱ्याची जमीन वाट्याने करू शकतो. पाण्याविना पडीक जमीन असलेला शेतकरी त्याच्या दारात येतो. गावातलं नातंच बदलतं.

हे काम गावोगावी का पसरलं नाही? लोक भांडखोर म्हणून, असं उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे आणि मला ते अजिबात मान्य नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे जमिनीखालचं पाणी जमिनीच्या मालकाचं धरलं जातं. पाणी पंचायतीला पावलोपावली या समजुतीविरुद्ध जावं लागलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गावात रोजगार हमीतून तलाव किंवा बंधारा घ्यायचा असेल, तर ग्रामसभेने मंजुरीच्या ठरावातच पाण्याची वाटणी लिहावी. मस्टरवर ज्यांची नावं, त्यांचीही नावं त्या वाटणीत असावीत, मग त्यांच्याकडे सातबारा असो वा नसो. भिंतीची पहिली पाटी पडायच्या आधी हे लिहून व्हायला हवं. एकदा विहिरींना पाणी उतरलं, मोटारी बसल्या, की ते मागे घ्यायला कुणाची छाती होत नाही.