शेवया, खसखस आणि चार ग्रॅमची गोळी

पहाटेची वेळ. हतनूर धरणाच्या पाण्यावर अजून धुकं आहे, तापी इथे पसरून थांबल्यासारखी वाटते, आणि केळीच्या बागांपलीकडे वरणगाव जागं होतंय. सायकली, मोटरसायकली, डबे, सगळे एकाच दिशेने निघालेत. फॅक्टरीचं गेट आम्ही लांबूनच घेतलं, आत कॅमेरा नेता येत नाही आणि नेऊही नये. 1964 साली सुरू झालेला हा कारखाना. रायफलची काडतुसं बनवतो, आधी 7.62 मिलिमीटरची, नंतर इन्सास या भारतीय रायफलची 5.56 पण. खान्देश म्हटलं की लोक भरीत सांगतात, शेवभाजी सांगतात, जळगावचं सोनं सांगतात. काडतुसात दारू कोणती आणि किती हे ज्यांच्या हाताखालून गेलं, त्या माणसांबद्दल कोणी बोलत नाही.

हे आप्पा. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी अजून पहाटे उठतात. आणि ही त्यांची नात, पॉइंट टू टू रायफल मारते, जिल्ह्याच्या टीममध्ये यायचं म्हणून धडपडतेय. तिनेच एक दिवस विचारलं, आप्पा, राउंड एवढे महाग पडतात, घरी नाही का भरता येणार?

आप्पा आधी हसले, मग एकदम गंभीर झाले. पॉइंट टू टू पुन्हा भरताच येत नाही, कारण त्याची आग लावणारी रसायनं केसच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या, तळाच्या काठात, त्या पातळ कडीत असतात, रायफलची पिन त्या काठावर आपटली की काठ दबतो आणि ती केस संपली. जिच्या तळात मधोमध आग लावणारी वेगळी कॅप बसते तीच केस पुन्हा वापरता येते. आणि दुसरं, लायसन्स नसताना आपल्याकडे काडतूस बनवणं म्हणजे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली सरळ गुन्हा. हे त्यांनी दोनदा सांगितलं, आम्ही पण दोनदा ठेवलंय. पण बाहेरच्या देशात नेमबाज टेबलावर बसून स्वतःचं काडतूस भरतात, दुकानात दारूचे पन्नास डबे समोर असतात, मग कोणता उचलायचा हे ते कसं ठरवतात, हे पोरीला कळायलाच हवं होतं. आप्पा तिला घेऊन मागच्या अंगणात गेले.

बघा ही चूल. एका बाजूला कपाशीच्या पऱ्हाट्या, दुसऱ्या बाजूला बाभळीचा ओंडका. पऱ्हाटी भडकते, ज्वाळा वर जाते आणि दोन मिनिटांत राख. ओंडका हळू पेटतो पण भाकरी होईपर्यंत ताव देतो. दारूचं पण असंच, फास्ट आणि स्लो. पिस्तुलाची नळी आखूड, गोळी लगेच बाहेर पडते, तिथे पऱ्हाटी चालते. रायफलीत गोळीला लांब नळी पार करायची असते, एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या वेळात, आणि तेवढ्यात दाबाने तिला मागून ढकलत राहायला हवं.

आता बारीक नळीचं खरं दुखणं. 5.56 च्या भोकाचं क्षेत्रफळ 7.62 च्या तुलनेत जवळजवळ निम्मंच. गोळी पुढे सरकली तरी मागे जागा कमी मोकळी होते, गॅसला पसरायला वाव नाही, म्हणून दाब पटकन चढतो. एकाच मापाच्या केसला भोक जितकं लहान तितकी दारू स्लो लागते. गोळी जड घेतली तर ती हलायला वेळ घेते, मग अजून स्लो. पिस्तुलाची फास्ट दारू चुकून रायफलच्या केसमध्ये गेली तर काय होतं, एवढं विचारलं तर आप्पांनी फक्त हाताची बोटं उघडून दाखवली. 5.56 मध्ये आतला दाब चार हजार बारच्या पुढे जातो, मोटारीच्या टायरपेक्षा साधारण दोन हजार पट.

मग ताट आलं. एका वाटीत बारीक तोडलेल्या शेवया, दुसरीत खसखस. हा आमचा सगळ्यात आवडता शॉट आहे म्हणून थोडा लांब ठेवलाय. आप्पा दोन्ही एकाच नरसाळ्यातून सोडतायत. खसखस पाण्यासारखी वाहते, दर वेळी माप तेवढंच. शेवया अडकतात, एकमेकींवर आडव्या पडतात, कधी दोन कमी कधी चार जास्त. गोल दाण्याची दारू, जिला बॉल पावडर म्हणतात, ती खसखशीसारखी, मशीनवर हजारो राउंड भरायचे तर हीच सोयीची. कांडीसारखी दारू शेवयांसारखी, म्हणून नेमबाज तिचं माप एकेक वजन करून घेतात. पण कांडीत एक खुबी असते, मधून आरपार भोक. बाहेरून जळताना ती लहान होते आणि आतलं भोक मोठं होत जातं, त्यामुळे जळणारा पृष्ठभाग साधारण तेवढाच राहतो. गोल दाण्याचं तसं नाही, तो जळत जाईल तसा आक्रसतो, म्हणून त्याच्या वरच्या थरात आग मंद करणारं रसायन मुरवावं लागतं. वर जी काळी चकाकी दिसते ती ग्रॅफाइटची, दाणे चिकटू नयेत आणि स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून.

आता जळगाव. सराफाचा काटा. आम्ही इथे का आलो ते सांगते. गोळी आणि दारू दोन्ही ग्रेन या वजनात मोजतात, 7000 ग्रेनचा एक पाउंड, आणि जुना ब्रिटिश तोळा बरोबर 180 ग्रेनचा. म्हणजे 5.56 ची 62 ग्रेनची गोळी काट्यावर ठेवली तर तोळ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या जरा वर, ग्रॅममध्ये चार. सराफ गुंजभर चुकला तर नुकसान पैशाचं, इथे चुकलं तर जिवाचं. माप कायम वजनानेच. जुनी काळी दारू, 75 भाग सोरा, 15 कोळसा, 10 गंधक, शिंगातून भांड्याच्या मापाने ओतायचे, ती सवय या नव्या दारूत चालत नाही.

ही जिनिंग मिल. हवेत कापूस उडतोय, सूर्याची तिरीप त्यात अडकलीये. ही फ्रेम मिळायला दोन दिवस गेले. धागा काढून झाला तरी सरकीवर बारीक लव राहते, तिला लिंटर म्हणतात, त्यातला सेल्युलोज जवळजवळ शुद्ध. आणि ही जी धूर न करणारी दारू आहे ती मुळात सेल्युलोजपासूनच बनते. 1846 च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये क्रिश्चन शोनबाइनने कापसावर आम्लांची प्रक्रिया करून गनकॉटन केला, सांडलेलं आम्ल बायकोच्या सुती एप्रनने पुसलं आणि वाळताना तो भक्कन उडाला अशी गोष्ट सांगतात. पण तो इतका झटकन जळायचा की बंदुकाच फुटायच्या. जवळपास चाळीस वर्षं गेली. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने तोच पदार्थ विरघळवून, लगदा करून, पातळ पत्रे लाटून, चिरून घेतला, आणि आग पहिल्यांदा ताब्यात आली. आमच्याकडे पापडाचं पीठ लाटतात तेच डोळ्यासमोर येतं. दोन वर्षांत फ्रेंचांची रायफल 11 मिलिमीटरवरून 8 वर आली. काळ्या दारूची काजळी बारीक नळीत भराभर साचायची, ती गेली म्हणून नळी बारीक करता आली. म्हणजे लहान कॅलिबर, नळीचं बारीक भोक, जन्मालाच आलं ते दारू बदलली म्हणून, उलटं नाही. आपल्याकडे निलगिरीत अरुवंकाडूला 1903 मध्ये कॉर्डाइटचा, म्हणजे अशाच धूर न करणाऱ्या दारूचा, कारखाना आला.

मे महिना, भुसावळ. रेल्वेचे रूळ थरथरताना दिसतायत, पारा 45 च्या वर. तापलेली दारू जास्त जोरात जळते, दाब वाढतो. हिवाळ्यात बसवलेलं माप उन्हाळ्यात जास्त होऊ शकतं. काही दारूंना उन्हाचा फरक कमी पडतो, आणि डबा निवडताना वेगापेक्षा आधी हे बघा असं आप्पांचं मत, आणि मला ते पटतं, कारण आपलं ऊन पुस्तकात छापलेल्या 20-21 डिग्रीचं नाही. म्हणूनच भरणारे लोक कंपनीच्या तक्त्यातल्या कमीत कमी मापापासून सुरू करतात आणि जरा जरा वाढवतात, कॅप चपटी दिसायला लागली की थांबतात. जुनी दारू आंबूस वास मारायला लागली, लालसर भुकटी दिसली, की ती वापरायची नाही.

आणि हे फक्त घरच्या टेबलाचं नाही. अमेरिकेने व्हिएतनामच्या वेळी एम-16 रायफलचं काडतूस कांडीच्या दारूवर तपासलं आणि पुरवठा बॉल पावडरवर आणला. रायफलचा गोळ्या झाडायचा वेग वाढला, गॅसच्या नळीत कॅल्शियम कार्बोनेटचा मळ साचायला लागला, रायफली अडकल्या, 1967 मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या समितीने त्यावर ताशेरे ओढले. सैनिक त्यात मेले.

2021 च्या ऑक्टोबरमध्ये जुनं आयुध निर्माणी बोर्ड मोडलं, वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेलं, भुसावळची फॅक्टरी यंत्र इंडियाकडे. दारू बनवणाऱ्या भंडाऱ्याच्या फॅक्टरीत जानेवारी 2025 मध्ये स्फोट झाला, कामगार गेले.

संध्याकाळ. आप्पा ताट आवरतायत. खसखस परत डब्यात, एकेक दाणा बोटाने टिपून, आणि नात शेवया वेचतेय. आईने आतून आवाज दिला, उद्याच्या खिरीला लागतील त्या. भोंगा वाजला, आप्पांनी मान वर केली.