न खोदता दोनशे किलोमीटर खाली

[दृश्य: कॅलिफोर्नियातलं कोरडं माळरान. एक सौर पॅनल, बाजूला अँटेना.]

इथं पाहण्यासारखं काही नाही. यंत्र आहे ते जमिनीत पुरलेल्या प्लॅस्टिकच्या टाकीत. 2004 पासून अशी सुमारे 400 भूकंपमापकं साधारण 70 किलोमीटर अंतरानं बसवत गेले. एका जागी दोनेक वर्षं मुक्काम, मग उचलायचं आणि पूर्वेकडे न्यायचं. असं सरकत सरकत हे जाळं अटलांटिकच्या बाजूला पोचलं. प्रकल्पाचं नाव यूएसअ‍ॅरे.

एवढा खटाटोप का? जमिनीच्या पोटात काय आहे ते पाहायला, कारण खोदून फार खाली जाता येत नाही. रशियातलं कोला इथलं विवर 12,262 मीटरवर थांबलं. पृथ्वीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे कवच, आणि खंडांखाली ते एकटंच सरासरी 35 ते 40 किलोमीटर जाड असतं.

[दृश्य: दूरच्या मोठ्या भूकंपाचा आलेख. आधी बारीक रेघा, मग रुंद लाटा.]

आधी आलेल्या लहरी पृथ्वीच्या पोटातून आल्या. मागून सेकंदाला साधारण 3 ते 4 किलोमीटर वेगानं येणाऱ्या या पृष्ठलहरी. जमिनीला धरून पसरतात, म्हणून दूरवरही त्यांचा जोर टिकतो. अशा लहरी असू शकतात हे ब्रिटिश शास्त्रज्ञ रॅले यांनी 1885 मध्ये आणि लव्ह यांनी 1911 मध्ये गणितानं दाखवलं होतं.

नावात पृष्ठ असलं तरी त्यांची हालचाल खोलवर पोचते. लहर जितकी लांब, तितकी खोल. एक हेलकावा पुरा व्हायला लागणारा वेळ म्हणजे आवर्तनकाळ; तो जास्त, तर लहर लांब. 20 सेकंदांच्या आवर्तनकाळाची लहर मुख्यतः भूकवच चाचपते, 100 सेकंदांची त्याखालच्या खडकाच्या जाड थरात, म्हणजे प्रावरणात शंभराहून अधिक किलोमीटर उतरते. खालचा खडक सहसा जास्त ताठर, त्यामुळे लांब लहरी पुढे निघतात आणि आखूड मागे राहतात. हेच अपस्करण. दोन भूकंपमापन केंद्रांमधलं अंतर कापायला कोणत्या लहरीला किती वेळ लागला, यावरून मधल्या जमिनीत कोणत्या खोलीवर वेग किती, याचा हिशेब मांडता येतो. अशा हजारो वाटा एकमेकींना छेदल्या की नकाशा उमटतो.

भूकंपाची वाट पाहायलाच हवी असंही नाही. समुद्राच्या लाटांमुळे जमीन अखंड थरथरत असते. हा गोंगाट एरवी गाळून टाकायचा. 2005 साली संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या केंद्रांवरची महिनाभराची थरथर जोडीजोडीनं ताडून पाहिली आणि त्यातून चक्क एका केंद्राकडून दुसऱ्याकडे जाणारी रॅले लहर निघाली! या शास्त्रातली इतकी देखणी युक्ती दुसरी नसेल. गाळानं भरलेली खोरी नकाशात मंद दिसली, सिएरा नेवाडा पर्वतरांगेचा कणखर खडक वेगवान.

[दृश्य: अमेरिकेचा नकाशा, पश्चिमेला तांबडा, पूर्वेकडे निळा.]

तांबडं म्हणजे लहरी मंद, निळं म्हणजे वेगवान. पश्चिमेला, यलोस्टोन ज्वालामुखीच्या आसपास तर फारच, प्रावरण तापलेलं आहे. रॉकी पर्वत ओलांडला की रंग पालटतो: खंडाचा पुराणा, थंड गाभा, मुळं 200 किलोमीटर खोल.

मात्र तांबडं दिसलं की खाली लाव्हाचं तळं आहे, असं समजू नका. उष्णता, पाणी, थोडासा वितळलेला अंश किंवा खडकाचा वेगळा घटक, यांपैकी कशानंही लहर मंदावते. शिवाय पृष्ठलहरींना थरांची धारदार सीमा नीट दिसत नाही. ती त्यांच्या नकाशात पुसट होते. कवच नेमकं कुठं संपतं हे ठरवताना, त्या सीमेवर रूप बदलून येणाऱ्या पोटातल्या लहरींची नोंदही सोबत घ्यावी लागते.