कोलोरॅडो: कागदावरची नदी

(दृश्य: लेक मीडचे काठ, उन्हात चमकणारे खडक)

खडकांवरच्या या पांढऱ्या पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत एके काळी पाणी होते. कोलोरॅडो नदीवरच्या हूव्हर धरणामागचा लेक मीड हा जलाशय ओसरत गेला, तसे पाण्यातले क्षार दगडाला धरून राहिले. जुलै २०२२ मध्ये या जलाशयात क्षमतेच्या जेमतेम २७ टक्के पाणी उरले होते. कोलोरॅडो नदीवर अमेरिकेतली सात राज्ये, मेक्सिकोचा काही भाग आणि सुमारे चार कोटी माणसांचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे. याच खोऱ्यात ३० मूलनिवासी जमाती राहतात. त्यांचा नदीशी असलेला संबंध या राज्यांच्या स्थापनेहून कितीतरी जुना आहे.

(दृश्य: जुनी छायाचित्रे, कराराचे पान)

२४ नोव्हेंबर १९२२ रोजी न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे तेव्हाचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूव्हर यांच्या अध्यक्षतेखाली सात राज्यांच्या प्रतिनिधींनी नदीची वाटणी केली. वरच्या खोऱ्याला ७५ लाख एकर-फूट आणि खालच्या खोऱ्याला तितकेच, असे दरवर्षीचे पाणी ठरले. एक एकर जमिनीवर एक फूट उंचीने उभे राहील इतके पाणी म्हणजे एक एकर-फूट. लिटरमध्ये ते सुमारे १२ लाख ३३ हजार भरते. पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी १५ लाख एकर-फूट देण्याचे ठरले. अशा रीतीने दरवर्षी १ कोटी ६५ लाख एकर-फूट पाणी कागदावर वाटून झाले. वाटाघाटींत एकाही जमातीचा प्रतिनिधी नव्हता. या करारातील कशाचाही मूलनिवासी जमातींप्रती अमेरिकेच्या असलेल्या बंधनांवर परिणाम होत नाही, एवढेच एक वाक्य त्यांच्या वाट्याला आले. ते वाक्य वाचताना आजही मन अस्वस्थ होते, कारण बंधने मान्य करूनही त्यांच्यासाठी थेंबभर पाणी बाजूला काढलेले नव्हते.

(दृश्य: झाडाच्या खोडात फिरणारे पोकळ गिरमिट)

वाटलेले पाणी नदीत होते का? सरकारी जलवैज्ञानिक यूजीन क्लाइड लारू यांनी १९१६ मध्येच लिहून ठेवले होते की, खोऱ्यातील ओलिताखाली येऊ शकणाऱ्या सगळ्या जमिनीला हा प्रवाह पुरणार नाही. तरीही वाटणी करणाऱ्यांनी अलीकडच्या भरल्या वर्षांच्या नोंदींवर भिस्त ठेवली. ती वर्षे किती अपवादात्मक होती, हे झाडांनी सांगितले. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढतात. झाडाला इजा न होता वर्षावर्षाची कडी तिच्यात दिसते. ओल्या वर्षाची कडी रुंद, कोरड्या वर्षाची अरुंद. अशा कड्यांवरून नदीचा सुमारे साडेचार शतकांचा प्रवाह मांडणारा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घकालीन सरासरी १ कोटी ३५ लाख एकर-फुटांच्या आसपास निघाली आणि विसाव्या शतकाचा आरंभ हा त्या सगळ्या काळातील सर्वांत ओल्या टप्प्यांपैकी एक ठरला.

त्यात भर पडली ती तापमानवाढीची. बर्फ लवकर वितळतो, उघडी पडलेली काळी जमीन अधिक ऊन शोषते आणि नदीला मिळायचे पाणी वाफ होऊन हवेत जाते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार दर एक अंश सेल्सिअस वाढीमागे या नदीचा प्रवाह सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. म्हणून खोऱ्यातील काही अभ्यासकांनी २०१८ मध्ये असे सुचवले की, या स्थितीला ‘दुष्काळ’ म्हणणे पुरेसे नाही, ‘शुष्कीकरण’ हा शब्द वापरावा. मला हा मुद्दा अतिशय महत्त्वाचा वाटतो. दुष्काळ या शब्दातच तो कधीतरी सरेल ही आशा दडलेली असते, आणि ज्याच्या नळाला आज पाणी आहे तो त्या आशेवर थांबू शकतो. ज्या जमातीच्या हक्काचा आकडा अजून ठरलेलाच नाही, तिच्या बाबतीत थांबणे म्हणजे दरवर्षी आटत जाणाऱ्या नदीतून आपला वाटा मागायला उशीर करणे होय.

(दृश्य: कोरडे पात्र, दूरवर काँक्रीटचा कालवा)

हक्क आहे, हे न्यायालयाने फार पूर्वी मान्य केले. माँटानातील फोर्ट बेल्कनॅप राखीव क्षेत्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये असे ठरवले की, जमातीसाठी जमीन राखली तेव्हाच तिला लागणारे पाणीही राखले गेले. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांच्या कायद्यात ज्याचा वापर आधीचा त्याचा हक्क आधीचा; त्यामुळे राखीव क्षेत्राच्या स्थापनेची तारीख फार मोलाची ठरते. मात्र हक्काचा आकडा ठरवणे, आणि मग ते पाणी खरोखर घरापर्यंत आणणे, यांत पिढ्या जातात. खोऱ्यातील २२ जमातींचे मिळून सुमारे ३२ लाख एकर-फूट हक्क मान्य झालेले आहेत. पण कालवे आणि नळयोजना नसल्याने त्यातील बरेचसे पाणी न वापरता पुढे वाहत जाते आणि खालचे लोक ते विनामूल्य वापरतात. त्या पाण्याला ‘शिल्लक’ समजण्याची सवय सगळ्यांना लागली, ही या नदीच्या हिशेबातील सर्वांत जुनी चूक आहे.

ॲरिझोनातील हीला नदीकाठच्या अकिमेल ओओदाम लोकांच्या नावाचा अर्थच ‘नदीचे लोक’ असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या बाजूच्या वसाहतींनी नदी वळवली आणि पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या या समाजावर उपासमार ओढवली. २००४ च्या कायद्याने त्यांना, आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्या पी पोश लोकांना, वर्षाला सुमारे ६ लाख ५३ हजार एकर-फूट पाणी मिळाले. हा कायदा म्हणजे एक तडजोड होती. अशा तडजोडीत जमात आपला मोठा दावा सोडते आणि त्याच्या बदल्यात ठरावीक पाणी व कालव्यांसाठी पैसा घेते. पण यांतील मोठा हिस्सा कोलोरॅडोचे पाणी आणणाऱ्या ज्या कालव्यातून येतो, त्याचा हक्क १९६८ च्या कायद्यानुसार कॅलिफोर्नियाच्या मागे आहे, म्हणजे टंचाईत आधी कपात तिथेच होते. आकडा कायद्यात पक्का असला तरी पाणी पक्के नसते. तरीही २०२३ मध्ये याच समुदायाने केंद्र सरकारशी करार करून तीन वर्षे दरवर्षी सव्वा लाख एकर-फुटांपर्यंत पाणी लेक मीडमध्ये ठेवण्याचे मान्य केले. ज्यांची नदी काढून घेतली गेली, तेच आज जलाशय सावरायला पुढे आले.

(दृश्य: धुळीची वाट, पाण्याची टाकी लादलेली पिकअप गाडी)

नॅव्हाहो राष्ट्र ही याच खोऱ्यातील एक जमात; अमेरिकी सरकारशी तिचा तह १८६८ चा. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, जमातीला पाणी मिळवून देण्यासाठी सरकारने स्वतःहून पावले उचलावीत असे बंधन त्या तहातून निघत नाही. पुढच्याच वर्षी नॅव्हाहो, होपी आणि सॅन हुआन सदर्न पायूट या जमातींच्या परिषदांनी ॲरिझोनातील हक्कांच्या तडजोडीला मान्यता दिली. ती अमलात येण्यासाठी अमेरिकी काँग्रेसची मंजुरी आणि सुमारे ५०० कोटी डॉलर लागतात. नॅव्हाहो भूमीवरील जवळपास एक तृतीयांश घरांत नळ नाही. तिथली माणसे मैलोन्‌मैल गाडी चालवून, मागे ठेवलेल्या टाकीत पाणी भरून घरी आणतात.