सेल बदलला, गेम चालू झाला

(स्क्रू फिरतोय, हा आवाज तसाच ठेवायचा)

गेम बॉय ह्या हातात धरून खेळायच्या जुन्या यंत्राच्या गेमची कॅसेट उघडतोय. खरं नाव कार्ट्रिज, पण तोंडात कॅसेटच बसलंय. ह्या स्क्रूला वर खाचच नसते, डोकं बाहेरून पकडणारं ३.८ मिमीचं बिट लागतं, साध्या स्क्रू-ड्रायव्हरने झटापट करू नका, प्लास्टिकची वाट लागते.

आत आहे पोकेमॉन गोल्ड, जपानमध्ये १९९९ ला आलेला. काल लावून बघितला तर मेनूत कंटिन्यू गायब, फक्त न्यू गेम आणि ऑप्शन. म्हणजे तो गोल, नाण्याएवढा बटन सेल आहे ना बोर्डावर, तो संपलाय. गेम ज्या रॉम चिपमध्ये आहे तिला सेलची गरज नाही, ती इतकी वर्षं करंटशिवाय पडून राहिली तरी गेम आहे तसाच आहे, पण सेव्ह, म्हणजे आपण खेळत कुठवर आलो ती नोंद, मात्र वेगळ्या रॅम चिपमध्ये असतं आणि ते सेलच्याच जिवावर टिकतं. शिवाय ह्या गेममध्ये घड्याळ आहे, बाहेर रात्र झाली की गेममध्येही रात्र, आणि ते घड्याळही ह्याच सेलवर चालतं म्हणून इथे सेल लवकर संपतो. तुमचं सेव्ह अजून जिवंत असेल तर आधी कॅसेट वाचणारा यूएसबी रीडर लावून ते लॅपटॉपवर काढून घ्या, कारण सेल निघाला की सेव्ह गेलं.

आता जवळून बघा. सोल्डर म्हणजे सेल बोर्डाला जोडणारा वितळवलेला धातू; जुनं सोल्डर पटकन वितळत नाही, म्हणून त्यावर थोडं ताजं सोल्डर द्यायचं, मग दोन्ही मिळून पाघळतात, चकाकी येते, आणि त्याच क्षणी सेलची धातूची पट्टी अलगद उचलायची. ओढायची नाही हं! ओढली की खालचा तांब्याचा ठिपकाच उखडून येतो. नवा सेल पट्ट्या जोडलेलाच घ्यायचा, प्लस-मायनस दोनदा बघायचं आणि बसवायचा. झालं.

आणि आता हे दुसरं कार्ड बघा, लाल चकचकीत, निन्टेंडोच्या स्विच २ चं, गेम खेळायचं हे यंत्र आलं ५ जून २०२५ ला. कार्ड आत गेलं आणि स्क्रीनवर काय, तर डाउनलोड. ह्याला गेम-की कार्ड म्हणतात, ह्यात गेम नाहीये, गेम उतरवून घ्यायची चावी आहे. मला हे अजिबात पटत नाही. गेम मोठा आहे, कार्डात मावत नाही म्हणावं, तर सायबरपंक २०७७ सारखा मोठा गेम अख्खा ६४ जीबीच्या कार्डात आलाय की! उद्या गेम डाउनलोड करून देणारा सर्व्हर बंद झाला तर हे कार्ड उघडून मी नक्की काय बदलू?

हे मी उगाच घाबरून बोलत नाहीये. द क्रू हा गाड्यांचा गेम २०१४ चा, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही त्याच्याबरोबर गेला, डिस्क हातात असून उपयोग नाही. त्यानंतर यूट्यूबर रॉस स्कॉटने स्टॉप किलिंग गेम्स मोहीम काढली, म्हणजे विकलेले गेम पुढेही खेळता यायला हवेत ही मागणी, तिला युरोपात १० लाखांच्या वर सह्या झाल्या, २०२५ मध्ये द क्रू २ ला ऑफलाइन मोडही मिळाला, म्हणजे मनात आणलं तर करता येतं.

(परत टेबल, कॅसेटचं झाकण बसतंय)

स्क्रू घट्ट. कॅसेट आत, गेम बॉयचं बटण वर, टिंग. न्यू गेम दाबलं. अंधाऱ्या स्क्रीनवर पहिलाच प्रश्न घड्याळाचा आला, आत्ता किती वाजलेत?

रात्रीचे ११ वाजून २० मिनिटं. भरतोय.