मूर्तीपेक्षा बोलकी धातुमळी

नमस्कार. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दायमाबाद या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्राचीन वसाहतीत सापडलेल्या तांब्याच्या मूर्ती पाहिल्या, की दगडातून इतके तांबे त्या काळी कसे काढले असेल, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर मूर्तीपेक्षा भट्टीशेजारच्या उकिरड्यात अधिक सापडते. मूर्ती मोडून पुन्हा ओतता येते, तीत दोन ठिकाणचे तांबे मिसळलेले असू शकते; धातुमळी, म्हणजे खनिज गाळून धातू काढल्यावर उरलेला काचेसारखा टाकाऊ गाळ, मात्र सहसा टाकली तिथेच पडून राहते. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी १९६१-६२ मध्ये उदयपूरच्या आहाड येथे उत्खनन केले, तेव्हा तिथे तांबे गाळले जात असल्याचा पुरावा अशाच मळीने दिला.

प्रयोगशाळेत मळीचा तुकडा कापून राळेत बसवतात आणि आरशासारखा चकचकीत होईपर्यंत घासतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात बहुतेक वेळा करडे, लांबट स्फटिक दिसतात. हे फायलाइट, म्हणजे लोह आणि सिलिका यांचे संयुग. तांबे १०८५ अंश सेल्सियसला वितळते, शुद्ध फायलाइट सुमारे १२०५ अंशांना. म्हणजे कारागिरांना तांब्याबरोबर दगडातली घाणही पातळ करावी लागे आणि त्यासाठी गरजेप्रमाणे लोहखनिज किंवा वाळू मिसळावी लागे. हे प्रमाण ते तराजूविना, नजरेने आणि अनुभवाने साधत असावेत, आणि मला त्याचे फार मोल वाटते.

स्फटिकांच्या मध्ये तांब्याचे लालसर मणी अडकलेले असतात. त्यांच्या कडेला तांब्याचे सल्फाइड आढळले, तर खनिजात गंधक होते असे समजते. मॅग्नेटाइट (लोहाचे ऑक्साइड) आणि क्युप्राइट (तांब्याचे ऑक्साइड) जास्त असेल, तर भात्याची हवा गरजेपेक्षा अधिक शिरली होती.

तांब्यात किंचित असलेल्या शिशाच्या समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या, प्रमाणावरून तांब्याची खाण शोधतात, पण या पद्धतीवर मी जपूनच विसंबेन: ती एखादी खाण ठामपणे वगळू शकते, मात्र दोन खाणींची प्रमाणे जुळली तर निवाडा करू शकत नाही.

किरणोत्सर्गी कार्बनने भट्टीचा काळ ठरवताना कोळशापेक्षा बिया बऱ्या, कारण जुन्या झाडाचे लाकूड जाळले असेल तर तारीख खरी असते त्याहून मागे जाते. इस्राएलमधील तिम्ना खोऱ्यातल्या भट्ट्या बराच काळ मुख्यतः इजिप्तच्या नवराज्याच्या (न्यू किंग्डम, फॅरोंच्या साम्राज्याचा एक कालखंड) मानल्या जात. तेल अवीव विद्यापीठाच्या एरेझ बेन-योसेफ यांच्या चमूने खजुराच्या बियांसारख्या अल्पायुषी नमुन्यांची किरणोत्सर्गी कार्बनने तपासणी केली, आणि तिथल्या कामाचा भर इ. स. पूर्व ११ व्या-१० व्या शतकांत, म्हणजे इजिप्शियन निघून गेल्यानंतर, होता असे दिसून आले.